ओटी (ओव्हरटाइम) बंद झाली. आता घर नुसत्या पगारावर कसं बसवायचं?

वडणगेकर

सगळ्यांना नमस्कार. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आहे. वय ३४. घर वडणग्यात, वडिलांनी बांधलेलं, त्यामुळं भाडं नाही. घरात आई, बायको आणि पहिलीत जाणारी मुलगी.

गणपतीपर्यंत आमच्याकडं ओटी जोरात होती. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं भारतातून येणाऱ्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. आमच्या मालकांची एक मोठी पार्टी आहे, तिचा माल बाहेर जातो. तिनं ऑर्डरी निम्म्यावर आणल्या. आधी तिसरी पाळी गेली, मग ओटी गेली. कायम कामगारांपैकी कुणाला काढलेलं नाही, पण हेल्पर पोरांना 'निरोप देतो तेव्हा या' म्हटलंय. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

माझ्या हातात महिन्याला १८,७४३ रुपये पडतात. ओटीचे साधारण ६,४०० वेगळे यायचे, ते गेले. बायको फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, सरासरी ४,००० धरा. आईची एक म्हैस आहे. दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी येतं, पेंड-सरकी वजा जाता महिन्याला ३,००० राहतात.

खर्च असा: किराणा, भाजी, घरातलं ६,५००. मुलीची शाळा आणि व्हॅन १,८००. पेट्रोल २,२००. लाईट, गॅस, रिचार्ज १,९००. आईची बीपी-शुगरची औषधं ९००. गाडीचा हप्ता २,९५०, आठ राहिलेत. मोबाईलचा हप्ता १,६४०, चार राहिलेत. गल्लीतल्या भिशीत २,००० जातात. बारा जणांची आहे, माझा नंबर अजून लागलेला नाही. आणि गेल्या वर्षीपासून म्युच्युअल फंडात २,००० ची एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक.

बेरीज केली तर पैसे उरायला पाहिजेत. उरत नाहीत. ऑक्टोबरात मेव्हण्याकडून ४,००० हातउसने घ्यावे लागले. बोनस १५,००० आला, दिवाळी करून त्यातले ९,००० शिल्लक आहेत, आणि त्यावरनंच घरात रोज चर्चा सुरू आहे. आई म्हणते सोनं घे, भाव वाढतच चाललाय. शॉपमधला एक मित्र शेअर बाजारातल्या ऑप्शनचे कॉल (कधी घ्यायचं, कधी विकायचं त्याचे सल्ले) देणाऱ्या ग्रुपमध्ये आहे, तो म्हणतो नऊचे अठरा करून देतो. बायको म्हणते आधी मोबाईलचं कर्ज फेडा. एसआयपी वर्षभर भरून वाढ जवळजवळ शून्य आहे, ती चालू ठेवू का बंद करू तेही कळत नाही.

मला कुणी श्रीमंत व्हायचा मार्ग सांगू नका. हे वर्ष कुणापुढं हात न पसरता काढायचंय. काय कमी करू आणि हे ९,००० कुठं ठेवू?

उद्यमनगर

भावा, सेम परिस्थिती. आमच्यात तर आठवड्याला पाचच दिवस काम चालू आहे. मी एसआयपी बंद केली आणि मोबाईलचे राहिलेले हप्ते एकदम भरून टाकले. रात्री झोप लागायला लागली. त्या ऑप्शनवाल्या मित्राचा नंबर म्यूट कर. आमच्या लाईनमधल्या एकानं त्यात बायकोचं गंठण घालवलंय, अजून घरी सांगितलेलं नाही.

पगारपत्रक

मी तुला एकेरीच बोलते, राग मानू नकोस. तुझ्याएवढी पोरं दर सात तारखेला माझ्या टेबलासमोर उभी असायची. फौंड्रीच्या पगारखात्यात माझी नोकरी झाली. आधी पाकिटातून रोख पगार वाटला, मग बँकेत जमा करायला लागलो. २००८ च्या शेवटी काम पडलं ते बघितलं, २०१९ ला गाड्यांची विक्री घटली तेव्हा पाळ्या कमी झालेल्या बघितल्या, आणि २०२० चा लॉकडाऊन तर सगळ्यांनीच बघितला.

या तिन्ही वेळांना मला एक गोष्ट सारखीच दिसली. ज्यांचं घर मूळ पगारावर बसलेलं होतं ती माणसं वाकली, पण मोडली नाहीत. ज्यांनी ओटी पगारातच धरून हप्ते बांधले होते, त्यांच्या पगारपत्रकात दुसऱ्याच महिन्यापासून 'उचल'चा रकाना भरायला लागायचा. या महिन्यात तीन हजार उचल घेतली की पुढच्या पगारात तेवढी कपात. मग पगार अपुरा पडतो म्हणून पुन्हा उचल. माझ्या हातानं मी त्या कपाती लिहिल्या आहेत, म्हणून पहिली विनंती हीच करते: कंपनीतून उचल घेऊ नकोस. लागलेच तर मेव्हण्यासारख्या जवळच्या माणसाकडून घे आणि परतीची तारीख सांगूनच घे.

तू आकडे व्यवस्थित दिलेस, हे निम्मं काम झालं. मी बेरीज केली. मिळकत २५,७४३, खर्च २१,८९०, म्हणजे ३,८५३ उरायला पाहिजेत. उरत नाहीत याचा अर्थ पैसे उधळतोस असा मी लगेच काढणार नाही. तुझ्या यादीत फक्त महिन्याचे खर्च आहेत, वर्षाचा एकही नाही. जूनमधली शाळेची फी कुठं आहे? घरफाळा? गाडीचा विमा? गावची यात्रा? लग्नातले आहेर? हे खर्च आजवर कशातून होत होते ते आठव. माझा अंदाज, ओटीतून. घरातल्यांना बसवून वर्षाच्या खर्चाची यादी कर आणि इथं टाक. आकडे अंदाजे चालतील, पण पुसायला येईल अशा पेन्सिलीनं कागदावर लिही. फोनमध्ये लिहिलेलं घरातल्या बाकीच्यांना दिसत नाही.

तोवर ते ९,००० हलवू नकोस.

मोबाईलचा हप्ता बिनव्याजी असेल तर तो आत्ता फेडून तुझी एक दमडी वाचत नाही, उलट हातातली रोकड जाते. कर्जाच्या कागदावर व्याज आणि फी तपासून घे. वरच्या भावानं फेडलं, त्याला झोप लागली, त्याला मी काही म्हणणार नाही. पण त्याच्या कंपनीत पाच दिवस का होईना काम ठरलेलं दिसतंय. तुझ्याकडं उद्या काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि अशा वेळी हातातली रोकड मला जास्त मोलाची वाटते.

करवीरची आक्का

दादा, म्हशीचं बिल बारा महिने कसं धरलंस? आमच्या गोठ्यात चार जनावरं हायत म्हणून सांगते. म्हैस आटली की तीन-चार महिने बिल शून्य, आणि वैरण-पेंड तर रोज घालावीच लागती. गाभण जनावराला उपाशी ठेवलंस तर पुढच्या वेताला दूध मिळायचं नाही. तुझ्या आईला विचार, तिला सगळं ठाऊक असणार. पगारपत्रकवाल्या मावशींनी सांगितलेल्या यादीत हे पयलं लिही.

वडणगेकर

आक्का, बरोबर बोललात. आईला विचारलं. म्हैस फाल्गुनात आटते, पावसाळ्यात व्यायते. चार महिने बिल नाही आणि तेव्हा खाद्याला महिन्याला दीड हजार घरातनं घालावे लागतात. हे मी कधी धरलंच नव्हतं, कारण आई परस्पर भागवायची. कशातनं ते मी विचारलंही नव्हतं.

मावशी, काल रात्री तिघांनी बसून यादी केली. जूनमध्ये फी, वह्या-पुस्तकं, गणवेश ९,०००. दिवाळी ६,०००. घरफाळा-पाणीपट्टी ३,२००. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, एखादा टायर ५,५००. गावची यात्रा ८,०००, त्या दिवशी घरात पन्नासएक माणूस जेवतं, ते मला कमी करता येणार नाही. गणपती ३,०००. आहेर आणि कपडे ९,०००. आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता ६,०००. एकूण ४९,७००. म्हशीचं बुडालेलं बिल आणि खाद्य धरून आणखी १८,०००.

आणखी एक. २०१९ आणि २०२१ ला आमच्याकडं पुराचा फार त्रास झाला. रेडे डोह फुटला, म्हणजे तिथं पंचगंगेचं पाणी बाहेर पसरलं, की शहराकडं जायचा रस्ता बंद, म्हणजे तेवढे दिवस कामावर खाडा. त्याचा आकडा काय धरायचा ते कळलं नाही.

गुजरीतला कारागीर

सोन्याचं विचारलंय म्हणून लिहितो. आमचा धंदाच हा आहे, तरी तुम्हाला आत्ता घ्या म्हणणार नाही.

२०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पार गेला. आजच्या भावानं तुमच्या ९,००० त एक ग्रॅमही बसत नाही. त्यावर ३ टक्के जीएसटी, दागिना केला तर मजुरी. लहान वस्तूला मजुरीचं प्रमाण जास्त पडतं. चार महिन्यांनी मोडायला आणलात तर मजुरी गेली, जीएसटी गेला, वर घट धरली जाते. भाव चांगला वाढला तरच तुम्ही बरोबरीत येणार. लेकीच्या लग्नासाठी पंधरा-वीस वर्षं ठेवायचं असेल तर सोनं चांगलंच आहे, पण तुम्हाला हे पैसे कदाचित मार्चमध्येच लागतील.

आईंच्या अंगावर जे आहे ते मोडू नका. अगदी घरावर बेतलं तर बँकेत तारण ठेवून कर्ज मिळतं आणि वस्तू परत घरात येते. आणि पुढं कधी घ्याल तेव्हा हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) बघूनच घ्या, एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. बीआयएस केअर अॅपवर तो नंबर घालून तुम्हाला स्वतः पडताळता येतो. पावतीशिवाय घेऊ नका, दुकानदार ओळखीचा असला तरी.

पगारपत्रक

कारागीर दादा, मनापासून आभार. धंद्यातला माणूस असं सांगतो तेव्हा त्याला वजन असतं.

आता वडणगेकर, कागद घे आणि माझ्याबरोबर लिही. वर्षाचे खर्च ४९,७०० अधिक म्हशीचे १८,०००, झाले ६७,७००. त्यातून बोनसचे १५,००० वजा कर, उरले ५२,७००. बाराने भाग, ४,३९२. म्हणजे दर महिन्याला एवढे पैसे बाजूला पडले तरच तुझं वर्ष उधारीशिवाय जाणार. तुझ्याकडं उरतात ३,८५३. सुमारे ५४० रुपयांची तूट आहे. तुझे पैसे कुठं जातात याचं उत्तर हे. कुणी उधळत नव्हतं. ओटीचे ६,४०० येत होते तोवर ही तूट झाकलेली होती, एवढंच.

तूट ५४० ची आहे हे बघून मला हायसं वाटलं, खरं सांगते. पाच हजारांची असती तर मुलीची व्हॅन, यात्रा, सगळ्यावर बोलावं लागलं असतं. आता जेवणाखाणाला हात लावायचा नाही आणि म्हशीच्या खाद्यालाही नाही.

पहिलं, आईची औषधं. १८,७४३ हातात पडतात म्हणजे तुझा एकूण पगार २१,००० च्या आत असावा, त्यामुळं तुझी ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कपात होत असणार, ०.७५ टक्के. पगारचिठ्ठीवर बघ. ओटीमुळं एखाद्या महिन्यात २१,००० च्या वर गेलास तरी तू ईएसआयमधून बाहेर पडत नाहीस, कारण त्या मर्यादेत ओटी धरत नाहीत. ईएसआयमध्ये बायको आणि मुलीबरोबर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात, त्यांची महिन्याची मिळकत ९,००० च्या आत असली पाहिजे. तुझ्या आईचं दुधाचं बिल धरूनही त्या बसतात असं दिसतं. त्यांचं नाव तुझ्या कार्डावर आहे का ते हजेरी क्लार्कला विचार. नसेल तर घालून घे. बीपी-शुगरची औषधं ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतील. दर महिन्याला तुझ्या पगारातून आणि त्याच्या चौपटीहून जास्त मालकाच्या खिशातून पैसे जातात, आणि निम्म्या कामगारांना आपल्या आईचा उपचार त्यातून होतो हे माहीतच नसतं. मी नोकरीत असताना हे सांगून सांगून घसा कोरडा करायची. हे जमलं तर ९०० वाचले.

दुसरं, एसआयपी. बंद करू नकोस, ५०० वर आण. फंडाच्या अॅपवर किंवा ज्यानं काढून दिली त्याच्याकडून रक्कम कमी करता येते. थेट होत नसेल तर जुनी रद्द करून ५०० ची नवी चालू कर. झालेली युनिट्स विकायची नाहीत. बाजार वाढत नाही म्हणून मी हे सांगत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये शेअर बाजाराचा निफ्टी निर्देशांक १२,००० वर होता, तो मार्चमध्ये ७,६०० च्या आसपास आला. त्या महिन्यात आमच्याकडची कितीतरी पोरं घाबरून पैसे काढून मोकळी झाली, आणि नोव्हेंबरात निफ्टी परत १२,००० च्या वर होता. वर्षभर वाढ नाही हे एसआयपी बंद करायचं कारण होत नाही, तो पैसा सात-आठ वर्षांचा आहे. पण तुझ्या घरात आज रोकड कमी आहे, आणि हे रक्कम कमी करायचं पुरेसं कारण आहे. १,५०० मोकळे झाले.

म्हणजे १,५०० आणि ९०० मिळून २,४००. त्यातून ५४० ची तूट भरलीस तरी १,८६० हातात राहतात. चार महिन्यांनी मोबाईल सुटला की त्यात १,६४० मिळव. आठ महिन्यांनी गाडी सुटली की २,९५०. बेरीज कर, ६,४५०. तुझी गेलेली ओटी तेवढीच होती. म्हणून माझं आवर्जून सांगणं आहे की या आठ महिन्यांत नवीन हप्ता कुठलाही घ्यायचा नाही, फ्रिज बिघडला तरी दुरुस्त करून वापरायचा.

भिशी चालू ठेव. गल्लीतल्या ओळखीच्या माणसांची आहे आणि निम्म्यात सोडलीस तर बाकीच्यांची अडचण होते. फक्त नंबर लागेल तेव्हा ते २४,००० आधीच ठरवलेल्या कामाला जायला पाहिजेत. तू पुराचा आकडा विचारलास, त्याचं उत्तर यात आहे. हप्ते आणि औषधं सोडून तुझं घर चालायला ६,५००, १,८००, २,२०० आणि १,९०० मिळून १२,४०० लागतात. तीन महिन्यांचे ३७,२००. ही तुझी राखीव रक्कम. पूर आला, खाडे झाले, कंपनी बंद राहिली, कशालाही हीच. ९,००० मधले ४,००० उद्याच मेव्हण्याला देऊन ये, उरलेले ५,००० हा राखीव रकमेचा पहिला भरणा. भिशीचे २४,००० आले की २९,०००. राहिलेले ८,२०० तुझ्या १,८६० मधून पाच महिन्यांत होतात, मोबाईल सुटला की आणखी लवकर.

हे पैसे ठेवायला दुसरं बचत खातं काढ आणि त्याला फोनवरचं यूपीआय जोडू नकोस. पगार झाला त्याच दिवशी वर्षाच्या खर्चाचे ४,४०० तिकडं टाक. महिनाअखेरीला उरलं तर टाकतो म्हणशील तर उरणार नाही, हे मी माझ्या घरातही बघितलंय. राखीव रक्कम त्याच खात्यात राहिली तरी चालेल, वहीत दोन रकाने वेगळे ठेव. व्याज थोडं मिळेल. मिळू दे. हा पैसा गरजेच्या दिवशी हातात यावा म्हणून आहे.

ऑप्शनबद्दल उद्यमनगरच्या भावानं सांगितलंच आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशोब काढला, त्यात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तुझा मित्र वाईट नसेल, पण त्याच्याजवळ त्या ९३ जणांपेक्षा वेगळं काय आहे ते मला दिसत नाही.

मुलगी पहिलीत आहे ना? सुकन्या समृद्धीचं (मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं) खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. पोस्टात जाऊन २५० रुपये भरून उघडून ठेव. वर्षाला किमान २५० भरलेस तरी ते चालू राहतं, आणि २०२४ च्या जानेवारीपासून व्याज ८.२ टक्के आहे. गाडीचा हप्ता सुटल्यावर त्यात वाढव. आत्ता फक्त दार उघडं ठेवायचं.

वडणगेकर

मावशी, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. मोबाईलचा हप्ता खरंच बिनव्याजी निघाला, कागद काढून बघितला, त्यामुळं तो वाद मिटला. मेव्हण्याला पैसे दिले, तो घेईना, तरी दिले.

दोन शंका आहेत. एक, गावाजवळच्या एका पतसंस्थेत ठेवीला १०.५ टक्के देतायत. राखीव रक्कम बचत खात्याऐवजी तिथं ठेवली तर? दुसरं, आईचं नाव. हजेरी क्लार्कनं बघितलं, ईएसआय कार्डावर बायको आणि मुलगीच आहे, आई नाही.

पगारपत्रक

पतसंस्थेत राखीव रक्कम ठेवू नकोस. संस्था बुडेल असं मी म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यात चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेत आणि अडीनडीला त्यांनीच माणसं उभी केली आहेत. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तो १ लाखावरनं वाढवला. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. २९,००० वर बचत खात्यापेक्षा सात-आठ टक्के जास्त व्याज म्हणजे वर्षाला २,०००-२,३०० रुपये. तेवढ्यासाठी पुराच्या दिवसातला पैसा विम्याबाहेर ठेवावा असं मला वाटत नाही. संस्थेचे सभासद व्हायचं असेल तर पुढं कधीतरी, जो पैसा अडकला तरी चालेल अशा पैशानं हो.

आईचं नाव घालायला त्यांचं आधार कार्ड आणि फोटो लागेल. कंपनीच्या लॉगिनमधून क्लार्कलाच करता येतं, त्याच्या मागं लाग. तो 'करतो, करतो' म्हणेल, दर दोन दिवसांनी विचार. मी स्वतः त्या खुर्चीवर बसलेली आहे, जो परत विचारतो त्याचं काम आधी होतं.

क्लार्ककडं बसलाच आहेस तर पीएफचं वारसनामं पण बघून घे. नोकरीला लागताना लग्न झालेलं नसेल तर तू आईचं नाव दिलं असशील. लग्नाआधीचं वारसनामं लग्नानंतर रद्द धरतात, नवीन भरावं लागतं. ते पीएफच्या पोर्टलवर स्वतःच्या यूएएननं (पीएफच्या नंबरनं) भरता येतं. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफशिवाय ईडीएलआयचा (पीएफसोबतचा आयुर्विमा) विमाही मिळतो, ७ लाखांपर्यंत, आणि त्यासाठी कामगाराला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. लॉकडाऊननंतरच्या वर्षात मी दोन घरांचे हे कागद केले. एका घरात वारसनामं बरोबर होतं, त्यांना पैसे वेळेत मिळाले. दुसऱ्या घरातली पोर दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन वारसाच्या दाखल्यासाठी हेलपाटे मारत होती. तुझ्या बायकोवर ती वेळ येऊ नये म्हणून लिहिते.

पीएफला मात्र हात लावू नकोस. २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के होतं, एवढं तुला बँकेत मिळणार नाही.

आणि बँकेत दोन सरकारी विम्यांचे फॉर्म भर, अपघाताचा वर्षाला २० रुपयांचा आणि आयुर्विम्याचा ४३६ चा, दोन्हीला २ लाखांचं कवच आहे. हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप जातो, तेव्हा खात्यात शिल्लक असू दे. नेमकी त्याच वेळी जूनच्या शाळेची गडबड असते.

उद्यमनगर

मावशी, माझ्या कार्डावर पण आईवडील नाहीत. उद्याच विचारतो. आणि ५०० ची एसआयपी परत चालू करू का?

पगारपत्रक

आधी मला तुझी वर्षाच्या खर्चाची यादी दाखव, मग सांगते.

वडणगेकर, एक राहिलं. आईचं नाव कार्डावर चढेपर्यंत चालू औषधं एक दिवसही चुकवू नका. ईएसआयच्या दवाखान्यात पहिल्यांदा जाल तेव्हा आत्ताच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि शुगरचा शेवटचा रिपोर्ट बरोबर न्या. तिथले डॉक्टर गोळी बदलून देतील असं होऊ शकतं. तसं झालं तर पहिले पंधरा दिवस बीपी आणि शुगर घरी किंवा जवळच्या केंद्रात तपासत राहा, आणि आकडे त्याच वहीत मागच्या पानावर लिहा.